लॅबमधली उपकरणं संगणकाला जोडायची आहेत? सॉफ्टवेअरचं नाव शेवटी ठरवा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला लागलेला विद्यार्थी असो, पीएचडीच्या पहिल्या वर्षातली संशोधक असो की कॉलेजात नव्याने रुजू झालेले प्राध्यापक, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लॅबव्ह्यूच्या लायसन्सला पैसे नाहीत, मग काय वापरू?" (लॅबव्ह्यू म्हणजे उपकरणं संगणकावरून चालवायचं, विकत घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर.) कुणीतरी पाच-सहा नावं सांगतं, त्यातलं एक डाउनलोड होतं आणि दोन आठवड्यांनी कळतं की आपल्या मल्टिमीटरची त्याला ओळखच नाही.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी उपकरण, मग त्याची भाषा, मग तुमचा प्रयोग, आणि सॉफ्टवेअर त्यानंतर. मुंबईत कलिनापासून माटुंग्यापर्यंत कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये डोकावलं तर चित्र थोड्याफार फरकाने सारखंच दिसतं: एक जुना पण उत्तम मीटर, एक नवा चिनी पॉवर सप्लाय, भट्टीवरचा टेम्परेचर कंट्रोलर आणि कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारा एक संगणक, ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलं, पण आतल्या कार्डाचा ड्रायव्हर (संगणकाला ते कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो संगणक तसाच राहतो. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरकडे वळण्याचं खरं कारण हे आहे. फुकट मिळतं ही गोष्ट दुय्यम.

लॅबव्ह्यू वाईट आहे असं मात्र कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. १९८६ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या या प्रणालीने हजारो लॅब चालवल्या आहेत. तुमच्याकडे चालू लायसन्स असेल आणि ती जाणणारा माणूस रोज लॅबमध्ये येत असेल, तर चालतं काम मोडून नवीन मांडण्याची गरज नाही.

आधी उपकरण फिरवा आणि पाठ बघा

वही घ्या आणि प्रत्येक उपकरणाच्या मागे कोणते सॉकेट आहेत ते लिहून काढा. नऊ पिनांचा डी आकाराचा सॉकेट म्हणजे बहुधा आरएस-२३२, जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट. चोवीस संपर्कांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला रुंद सॉकेट म्हणजे जीपीआयबी. चौकोनी यूएसबी सॉकेट संगणकाला जोडण्यासाठी असतो. समोरच्या पॅनेलवरचा चपटा यूएसबी मात्र बहुतेक वेळा फक्त पेनड्राइव्हसाठी, त्यावरून नियंत्रणाची आशा धरू नका. कंट्रोलरच्या मागे नुसते ए आणि बी असे दोन स्क्रू दिसले तर तो आरएस-४८५, सिरियलचाच दोन तारांचा प्रकार. लॅनचा सॉकेट दिसला तर तुमचं नशीब चांगलं, कारण नेटवर्कवरून बोलणारं उपकरण जोडणं सगळ्यात सोपं.

जीपीआयबीला जुनाट म्हणून नाक मुरडू नका. ह्युलेट-पॅकर्डमध्ये जन्मलेली ही पद्धत १९७५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक झाली आणि आजही ती भरवशाची आहे. एका साखळीत १५ उपकरणं, एकूण केबल २० मीटरपर्यंत. अडचण एकच, संगणकाच्या बाजूचा ब्रँडेड अडॅप्टर महाग असतो. त्यावर तोड आहे. एआर४८८ नावाचा मुक्तस्रोत फर्मवेअर (उपकरणाच्या आत बसणारा प्रोग्रॅम) आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जीपीआयबी अडॅप्टर बनवतो. वेग माफक मिळतो, पण सेकंदाला दोन-चार रीडिंग घ्यायला भरपूर. ब्रँडेड अडॅप्टर आधीच कपाटात पडून असेल तर लिनक्स-जीपीआयबी हा प्रकल्प त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना चालवतो.

आरएस-२३२ साठी यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागेल आणि तो घ्यायला पावलं आपोआप ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडकडे वळतील. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं.) तिथे "कोणती चिप आहे?" असं विचारून घ्या. नकली चिपांचा सुळसुळाट आहे आणि ते प्रकरण कुठवर जाऊ शकतं हे २०१४ मध्ये दिसलं: एफटीडीआय कंपनीचा नवा विंडोज ड्रायव्हर नकली चिपांचा ओळखक्रमांक पुसून टाकत होता, रात्रीत अडॅप्टर मुके झाले. सीएच३४० सारखी स्वस्त चिप चालते. स्वस्तपणाचा दोष नाही, खोट्या नावाचा आहे.

दोन केबली घेऊन या, एक सरळ आणि एक नल-मोडेम, म्हणजे पाठवणारी आणि घेणारी तार उलटसुलट केलेली. कोणती लागेल हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते वाचूनही निम्म्या वेळा दुसरीच लागते. आणि आरएस-२३२ ची तार थेट आर्डुइनोच्या पिनेला कधीही लावू नका. त्या तारेवर उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, पिन ५ व्होल्टची. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप हवीच.

मग त्याची भाषा ओळखा

उपकरणाची मॅन्युअल दोन असतात. बटणं कशी दाबावीत हे सांगणारी एक, आणि संगणकाकडून आज्ञा कशा द्यायच्या हे सांगणारी प्रोग्रॅमिंग मॅन्युअल. दुसरी हवी. कपाटात नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून शोधा.

ती उघडल्यावर चारपैकी एक परिस्थिती समोर येईल. सगळ्यात चांगली म्हणजे उपकरण एससीपीआय बोलतं. १९९० मध्ये ठरलेली ही आज्ञांची पद्धत आहे आणि मोठ्या कंपन्यांचे मीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय बहुतेक हीच बोलतात. पहिली आज्ञा पाठ करून ठेवा: तारका, मग आयडीएन ही तीन रोमन अक्षरं, मग प्रश्नचिन्ह. उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर अशी चार पदं स्वल्पविराम देऊन येतात. ती आली की अर्धी लढाई जिंकली.

दुसरी परिस्थिती: उपकरण १९९० च्या आधीचं आहे आणि स्वतःचीच एक-दोन अक्षरी भाषा बोलतं. घाबरू नका, या भाषा छोट्या असतात, तासाभरात कळतात. तिसरी: टेम्परेचर कंट्रोलर मॉडबस बोलतो. इथे आज्ञा नसतात, क्रमांक दिलेली रजिस्टर असतात. अमुक क्रमांकाचं वाचलं की तापमान, तमुक क्रमांकात लिहिलं की नवा सेटपॉइंट, म्हणजे गाठायचं तापमान. दशांशचिन्ह सहसा गृहीत धरलेलं असतं, म्हणजे २५३ असं उत्तर आलं तर ते २५.३ अंश सेल्सिअस असू शकतं. भट्टीच्या बाबतीत हा घोटाळा महागात पडतो, म्हणून पहिलं रीडिंग कंट्रोलरच्या लाल आकड्यांशी ताडून बघा.

चौथी परिस्थिती वाईट. कंपनीने फक्त विंडोजचा एक प्रोग्रॅम दिलेला असतो आणि आतल्या संवादाबद्दल एक ओळही छापलेली नसते. आधी सिग्रोक या प्रकल्पाच्या यादीत तुमचं मॉडेल शोधा, कारण तिथल्या लोकांनी अनेक स्वस्त हँडहेल्ड मल्टिमीटरांचा संवाद उकलून ठेवला आहे. तिथे नसेल तर कंपनीला पत्र पाठवा. तेही फळलं नाही तर मागे रेकॉर्डरसाठी ॲनालॉग आउटपुट आहे का बघा आणि तो व्होल्टेज दुसऱ्या मीटरने मोजा. यापलीकडे त्या उपकरणावर वेळ घालवू नका.

भाषा कळली की कुठलंही मोठं सॉफ्टवेअर बसवण्याआधी टेराटर्म किंवा पुटी यांसारख्या साध्या टर्मिनलमधून हाताने एक आज्ञा पाठवा. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. उत्तर येत नसेल तर संशयित ठरलेले आहेत: बॉडरेट (संवादाचा वेग) दोन्हीकडे सारखा नाही, ओळीच्या शेवटी कोणतं चिन्ह हवं ते चुकलं, किंवा केबल. लिनक्सवर असाल तर आणखी एक, तुमचं खातं डायलआउट या, सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या, गटात नाही. ही तपासणी न करता पुढे गेलात तर तीच चूक तुम्ही नंतर पायथनच्या तीनशे ओळींत शोधत बसाल.

प्रयोग कागदावर मांडा

किती उपकरणं, सेकंदाला किती रीडिंग, सलग किती तास, आणि चालवणार कोण. एवढं अर्ध्या पानावर लिहा. यातला वेगाचा प्रश्न नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून त्यावर थोडं थांबू.

फोर प्रोबने (चार टोकांच्या जोडणीने) जर्मेनियमची रोधकता तापमानाबरोबर कशी बदलते हे मोजायचं असेल तर सेकंदाला एक रीडिंग खूप झालं. तिथे संगणकाने मीटरला "सांग" म्हणायचं आणि मीटरने सांगायचं, एवढंच. पण ध्वनीची लहर किंवा फोटोडायोडवरचा झटपट स्पंद पकडायचा असेल आणि सेकंदाला एक लाख नमुने हवे असतील, तर संगणकातली घड्याळं कामाची नाहीत. साध्या विंडोज किंवा लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतोच. मध्येच अँटिव्हायरस जागा होतो आणि एखादा नमुना उशिरा पडतो. अशा कामात नमुने घेण्याचं घड्याळ उपकरणाच्या आतच असलं पाहिजे. ऑसिलोस्कोप किंवा डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड स्वतःच्या स्मृतीत नमुने भरतं आणि संगणक ते नंतर एकगठ्ठा उचलतो. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी ही उणीव ते भरून काढत नाही.

अचूकतेचंही तसंच. "आर्डुइनोने तापमान मोजू" हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग) १० बिटांचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्ट. के प्रकारचं थर्मोकपल (तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) एका अंशाला देतं सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. भागाकार केला तर आर्डुइनोची एक पायरी जवळजवळ १२० अंशांची होते! मध्ये मॅक्स३१८५५ सारखी थर्मोकपलची चिप बसवली की पाव अंशापर्यंत वाचता येतं. हा हिशेब सॉफ्टवेअर निवडण्याच्या आधीचा आहे.

मीटरला प्रत्येक रीडिंगला किती वेळ घेऊ द्यायचा हेही याच कागदावर लिहा. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. मोजण्याचा काळ या २० च्या पटीत ठेवला की मेन्सची गुणगुण सरासरीत विरून जाते. काही मीटर ६० हर्ट्झवर मांडलेले येतात. मेनूमध्ये ५० करून घ्या, नाहीतर आकडे विनाकारण थरथरतात आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो.

आता नावं

कॉलेजच्या किंवा छोट्या संशोधन लॅबच्या दहापैकी आठ गरजा पायथन, पायव्हिसा आणि पायमेझर या तिघांत भागतात असं माझं स्पष्ट मत आहे. पायव्हिसा हा दुभाष्या: जीपीआयबी, सिरियल, यूएसबी, लॅन, रस्ता कुठलाही असो, तुमच्या प्रोग्रॅमला फक्त "लिही" आणि "विचार" एवढंच करावं लागतं. त्याच्याखाली व्हिसा नावाचा एक थर लागतो. कंपन्यांचा व्हिसा फुकट मिळतो पण मुक्तस्रोत नाही. पायव्हिसा-पाय हा शुद्ध पायथनमधला पर्याय मुक्तस्रोत आहे आणि लॅन, सिरियल, यूएसबीसाठी पुरेसा आहे. पायमेझरमध्ये अनेक उपकरणांचे ड्रायव्हर तयार आहेत, चालू प्रयोगाचा आलेख पडद्यावर दिसतो, आणि डेटाच्या फाइलच्या डोक्यावर प्रयोगाची सगळी मापं आपोआप लिहिली जातात. मॉडबसच्या कंट्रोलरला मिनिमलमॉडबस हे छोटं पॅकेज जोडा.

तुमचं उपकरण पायमेझरच्या यादीत नसलं तरी हरकत नाही. त्याच्यासारख्याच एखाद्या मॉडेलची फाइल उघडून आज्ञा बदलल्या की काम होतं. मुक्तस्रोत असण्याचा रोजच्या कामातला फायदा हाच.

क्युकोड्स हे नाव तुम्हाला क्वांटम किंवा अतिशीत तापमानावर काम करणाऱ्या गटांकडून ऐकू येईल. कोपनहेगन, डेल्फ्ट, सिडनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून ते उभं राहिलं. एका प्रयोगात वीस-तीस गोष्टी एकामागून एक बदलायच्या असतील तर उत्तम, डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलीत नीट जातो. एका मीटरसाठी मात्र त्याची शिस्त जड वाटते.

सूक्ष्मदर्शक चालवायचा असेल, म्हणजे कॅमेरा, स्टेज, शटर, प्रकाश असं सगळं, तर वाद नको, मायक्रो-मॅनेजर घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत ते सुरू झालं, इमेजजे या चित्रविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरबरोबर चालतं आणि जीवशास्त्रवाल्यांना प्रोग्रॅमिंग न करता वापरता येतं. फक्त कॅमेरा विकत घेण्याआधी त्यांच्या यादीत आहे का ते बघा.

डिजिटल सिग्नल बघायचे असतील तर सिग्रोकचा पल्सव्ह्यू. २४ मेगाहर्ट्झचे आठ वाहिन्यांचे स्वस्त लॉजिक ॲनालायझर त्यावर छान चालतात.

पदवीच्या वर्गांसाठी, जिथे उपकरणंच नाहीत, तिथे दोन खोकी नजरेखालून घाला. एक आपल्याच देशातलं: नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने फिनिक्स प्रकल्पातून घडवलेलं एक्सपआइज. यूएसबीला जोडलं की छोटा ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर आणि व्होल्टेज स्रोत, सोबत पायथन. दुसरं फॉसएशियाचं पीएसलॅब, जे मोबाइलवरूनही चालतं. आरसी सर्किटचा वक्र मुलांनी स्वतः काढावा यासाठी दोन्ही झकास. पीएचडीच्या मोजमापांना त्यांना जुंपू नका.

राहिले एपिक्स आणि टँगो, महाकाय यंत्रणा चालवणारी सॉफ्टवेअर. एपिक्स अमेरिकेत लॉस अलामॉस आणि अरगॉन इथे घडलं, टँगो फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर. गुरुत्वीय लहरी शोधणारी लायगो वेधशाळा एपिक्सवर चालते. आपल्या हिंगोलीत उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा. एसकेए या रेडिओ दुर्बिणीसाठी टँगो निवडलं गेलं आणि त्या नियंत्रणप्रणालीच्या कामात पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोलशास्त्राच्या संस्थेचा मोठा वाटा आहे. हजारो सिग्नल, अनेक संगणक, चोवीस तास पहारा, यासाठी ही सॉफ्टवेअर बनली. एका टेबलावरच्या तीन उपकरणांसाठी ती बसवणं म्हणजे दोघांच्या चहासाठी लग्नाच्या पंगतीचं पातेलं चुलीवर चढवणं. तुम्हाला पुढे अशा मोठ्या प्रकल्पात नोकरी करायची असेल तर शिकायला म्हणून घरी बसवून बघा, ती गोष्ट वेगळी.

आणि कुणी म्हणालं की भारतात हे होत नाही, तर त्यांना कुलाब्याला पाठवा. टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉन त्वरकावर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) अणुकेंद्राच्या प्रयोगांचा डेटा लिनक्सवर चालणाऱ्या लॅम्प्स या प्रणालीने गोळा केला जात आला आहे, आणि ती इथल्याच शास्त्रज्ञांनी लिहिली.

प्रकल्प जिवंत आहे का?

निवडलेल्या प्रकल्पाच्या गिटहब (असे कोड जिथे ठेवलेले असतात ते संकेतस्थळ) पानावर पंधरा मिनिटं घालवा. शेवटची आवृत्ती कधी आली, लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का, काम करणारा माणूस एकच आहे की पाच-सहा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर लिहिलेले कितीतरी छान लॅब-प्रोग्रॅम तिथेच थांबले. अशी एखादी आकर्षक गोष्ट सापडली तर दुरूनच नमस्कार करा. गिटहबवर लोकांनी पसंती म्हणून दिलेल्या तारांकनांच्या संख्येवर जाऊ नका.

लायसन्सची चिंता बहुतेकांना उगाच असते. एमआयटी, बीएसडी, जीपीएल, यातलं कुठलंही मुक्तस्रोत लायसन्स असो, स्वतःच्या लॅबमध्ये वापरायला मोकळीक आहे. जीपीएलचं सॉफ्टवेअर बदलून तुम्ही ते उपकरणाबरोबर कुणाला विकणार असाल तर मात्र तुमचा बदललेला कोडही द्यावा लागतो. स्टार्टअपचा विचार असेल तर हे आधीच वाचा.

एका दुपारची परीक्षा

पसंतीचं सॉफ्टवेअर पूर्ण प्रयोगाला लावण्याआधी त्याला एक दुपार द्या आणि त्या दुपारी त्याच्याशी वाईट वागा. आधी ओळख विचारा, मग एक रीडिंग, मग शंभर रीडिंग फाइलीत. इथवर सगळीच सॉफ्टवेअर उत्तीर्ण होतात. आता रीडिंग चालू असताना केबल काढा. प्रोग्रॅम गोठतो, की चूक दाखवतो, की (हे सगळ्यात घातक) जुनाच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत राहतो? केबल परत लावल्यावर काय होतं? मीटर बंद करून चालू करा. संगणकाचं झाकण बंद करा. एक रात्र तसंच चालू ठेवा आणि सकाळी विंडोजने अपडेटसाठी परस्पर रीस्टार्ट घेतला आहे का पाहा.

भट्टी किंवा उच्च व्होल्टेजचा सप्लाय असेल तर आणखी एक परीक्षा: प्रोग्रॅम मध्येच मारून टाका. आउटपुट चालूच राहिलं तर पायथनमध्ये ट्राय-फायनली (चूक आली तरी शेवटी चालणारा भाग) लिहून शेवटी आउटपुट बंद करण्याची सोय करा. पण प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद केला, वीज गेली किंवा संगणकच गोठला तर तो फायनलीही धावत नाही. म्हणून तापमानाची वरची मर्यादा कंट्रोलरमध्येच मांडा, प्रवाहाची मर्यादा सप्लायच्या मेनूतून, आणि भट्टीला स्वतंत्र थर्मल कटआउट. जुलैच्या एखाद्या सकाळी रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडतील, तुम्ही ठाण्यात अडकलेले असाल आणि भट्टी लॅबमध्ये चालू असेल. तेव्हा तुमचा पायथन तिच्याशी काय करतो यावर भिस्त ठेवायची नसते.

डेटा

सॉफ्टवेअर बदलेल, संगणक बदलेल, डेटा राहायला हवा. म्हणून ज्या सॉफ्टवेअरची फाइल फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते ते बाकी कितीही गोड असलं तरी नापास.

हळू प्रयोगांना सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल. दर सेकंदाला एक ओळ म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी, काही मेगाबाइट, काहीच नाही. प्रत्येक ओळ लिहिल्याबरोबर ती डिस्कवर ढकलली जाते ना, हे पाहा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. मुंबईत असं क्वचित होतं म्हणून तर आपण बेसावध असतो. ओळ-ओळ लिहिलेली सीएसव्ही अशा वेळी शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत राहते. एचडीएफ५ या मोठ्या डेटासाठीच्या प्रकारातली फाइल लिहिताना उघडी असेल तर ती बिघडण्याचा धोका असतो.

तरी मोठ्या डेटाला एचडीएफ५ लागतंच. चार वाहिन्या, १६ बिट, सेकंदाला प्रत्येकी एक लाख नमुने म्हणजे तासाला जवळजवळ २.९ गिगाबाइट, ते सीएसव्हीत कोंबू नका. दर दहा मिनिटांनी नवी फाइल सुरू करा, मग बिघडली तरी एकच बिघडते.

वेळेची नोंद करताना तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि शेवटी अधिक साडेपाच तासांचा (भारतीय वेळ जागतिक वेळेच्या जितकी पुढे तितक्याचा) उल्लेख. परदेशी सहकाऱ्याने फाइल उघडली की ही वेळ कुठली, असा प्रश्न उरत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. नेटवर्क नसेल तर वीज येऊन-जाऊन झाल्यावर तो भलतीच वेळ लिहितो. डीएस३२३१ घड्याळाचा छोटा बोर्ड जोडा.

स्तंभाच्या नावातच एकक लिहा. मूळ आकडे जसे आले तसे ठेवा, सुधारणा दुसऱ्या फाइलीत करा. आणि मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून "सेव्ह" कधीही दाबू नका: एक्सेल तारखांचं रूप बदलतं, आणि त्याच्या पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. सेकंदाला एक नोंद असेल तर तेराव्या दिवशी ती संपते, पुढचा डेटा गळतो आणि सेव्ह केलेली फाइल तेवढ्यावरच अडते.

तुमच्यानंतर कोण चालवणार

तुम्ही दोन किंवा पाच वर्षांत निघून जाल. लॅब असिस्टंट राहतील. म्हणून निवड करताना त्यांना शेजारी बसवा आणि प्रोग्रॅम सुरू करणं, थांबवणं, फाइल शोधणं या तीन गोष्टी तुमच्या मदतीशिवाय जमतात का ते बघा. जमत नसेल तर पडद्यावर दोन मोठी बटणं हवीत. कोड गिट या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या, प्रणालीत ठेवा, वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती एका फाइलीत लिहून ठेवा आणि एक पानभर मराठीत टिपण लिहा: कोणती केबल, कोणता पोर्ट, कोणता बॉडरेट. ते छापून उपकरणाच्या बाजूला चिकटवा. संगणकातलं टिपण कुणी वाचत नाही.

पायथनच येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडे जा. तिथले अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात. पवईतलाच फॉसी प्रकल्प मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्याचं काम करतो; सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरवरून आर्डुइनो चालवण्याचं त्यांचं साहित्य प्रॅक्टिकलला थेट वापरता येतं. परदेशी प्रकल्पाच्या गिटहबवर मदत मागताना उपकरणाचं मॉडेल, फर्मवेअर, कार्यप्रणाली, पाठवलेली नेमकी आज्ञा आणि आलेलं नेमकं उत्तर लिहा. "चालत नाही" एवढंच लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि तेही बरोबरच आहे.

पुढचं उपकरण घ्यायची वेळ आली की जेमवर (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) किंवा कोटेशन मागवताना तपशिलात तीन अटी घाला. आज्ञांची संपूर्ण प्रोग्रॅमिंग मॅन्युअल बिलासोबत मिळावी. लॅन किंवा यूएसबीवरून एससीपीआय अथवा मॉडबसने नियंत्रण होत असावं, कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय. आणि बसवायला आलेल्या इंजिनिअरने तुमच्या लिनक्स संगणकावरून ओळखीचं उत्तर आणि एक रीडिंग मिळवून दाखवावं. हे झाल्याशिवाय डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करू नका आणि बिलावर सही तर नाहीच.